हाताला लागणारी वस्तू

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून तो पट्टा काढला, गौरेशच्या समोर ठेवला आणि म्हणाले, "हातात घेऊन बघा, काही होत नाही."

पांढरं, मऊ, सिलिकॉनचं कडं होतं ते, लहान मुलीच्या बांगडीएवढं. त्याला एक बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला रुपयाएवढी डबी. गौरेशने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी हा माणूस वीज खात्यात लाइनमन म्हणून लागला. भर पावसात खांबावर चढून तारा जोडायचा. आणि आता रबराच्या कड्याला हात लावायला तयार नाही. शेवटी मीच तो पट्टा उचलला.

चारचौघांत मी नवऱ्याला 'तुमी' म्हणते. लिहिताना मात्र एकेरीच येतं, आणि राग आला की हमखास येतं. ही गोष्ट बरीचशी रागाचीच आहे.

गौरेशचं वजन दीडशे किलोच्या घरात गेलं होतं. गुडघे गेले, म्हणून खात्याने त्याला खांबावरून उतरवून पेडण्याच्या ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. बसून आणखी वाढला. साखर चढली. पाठीवर झोपला की श्वास अडकायचा, म्हणून उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा. तो श्वास परत येईपर्यंत मी माझा धरून ठेवायचे. डायटिंग, कडुनिंब, सकाळचं चालणं, सगळं करून झालं होतं. महिनाभर नेमाने चालायचा आणि मग एक दिवस सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की सगळा नेम पिशवीभर गरम उंड्या पावांत बुडायचा. वजन कमी करायचं ऑपरेशन असतं हे मला कोणीतरी सांगितलं आणि मीच त्याला ओढत म्हापशाला आणलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हा पट्टा जठराच्या वरच्या तोंडाभोवती बसवायचा. ती डबी पोटाच्या कातडीखाली शिवायची. बाहेरून सुई टोचून तिच्यात थोडं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. आवळलेला असला की चार घासांत पोट भरतं. जठर कापायचं नाही, आणि उद्या नकोसा झाला तर पट्टा काढता येतो. ऐकूनच माझ्या छातीवरचा दगड उतरला. काढता येतो म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

"माका अंगात वस्तू नाका," गौरेश म्हणाला.

डॉक्टरांना असे पेशंट नवीन नसावेत. ते म्हणाले, "तुमची शंका अगदीच खोटी नाही. पट्टा सरकतो कधी. कधी जठरात रुततो. डबीच्या जागी पू होतो. मी स्वतः बसवलेले काही पट्टे मलाच परत काढावे लागलेत. पण दुसऱ्या ऑपरेशनात जठराचा मोठा भाग कापून टाकतात. तो परत येत नाही. दोन्ही विचारात घ्या. फक्त तिसरा रस्ता, काहीच न करण्याचा, तो तुमच्याकडे राहिलेला नाही. झोपेत ज्याचा श्वास असा अडकतो, त्याने वर्षं मोजत बसू नये."

परतीच्या बसमध्ये गौरेश दोघांच्या सीटवर एकटा बसला आणि मी दांड्याला धरून उभी. कोलवाळचा पूल येईपर्यंत मी तोंड आवरलं. मग राहवेना.

"दातांत चांदी भरून घेतलात, ती वस्तू न्हय?"

"ती वाजूची नाय," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

 हे कुठून येतंय ते मला कळलं.

माझे सासरे विठू यांच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबायचे. त्यांच्या छातीत, डाव्या खांद्याजवळच्या हाडाखाली, डॉक्टरांनी पेसमेकर बसवला होता. आमच्याकडे सगळे त्याला 'मशीन' म्हणत. कातडीखाली काड्यापेटीएवढी गाठ दिसायची. त्या मशिनीवर सासरे आठ वर्षं जगले. काजूच्या बागेत गेले, बोंडूंचा रस काढताना मजुरांशी भांडले, माझ्या लेकीला, राणीला, मांडीवर घेऊन जेवले. सहा वर्षांपूर्वी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मरण म्हणून बघितलं तर हेवा वाटावा असं.

कोरगावात आमच्या वाड्यावर रीत अशी की चितेला अग्नी दिल्यावर पुरुषांनी लांब बसून राहायचं. उष्णतेने कवटी फुटते, तिचा आवाज येतो. तो आला की जीव मोकळा झाला असं समजायचं, मग उठायचं, जवळच्या ओढ्यात, व्हाळात, बुडी मारायची आणि मागे न बघता घरी यायचं. तो आवाज येण्याआधी कोणी उठत नाही. उठणं म्हणजे माणसाला अर्ध्या वाटेत सोडणं.

बायका स्मशानात जात नाहीत. मला हे सगळं नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि गौरेशने तर त्यातला एकही तुकडा स्वतः सांगितला नाही.

चिता पेटून फार वेळ झाला नव्हता. एकदम मोठा आवाज झाला, लाकडं हलली, ठिणग्या उडाल्या. गौरेशचे चुलते कृष्णनाथ काका म्हणाले, "फुटली. उठा रे."

"इतक्या बेगीन?" कोणीतरी विचारलं.

"काजीची सुकी लाकडां," काका म्हणाले.

सगळे उठले. गौरेश मोठा मुलगा, म्हणून तो पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. व्हाळात कमरेएवढ्या पाण्यात उतरले, बुड्या मारल्या. आणि तेव्हा मागून दुसरा आवाज आला. खोल, ठाशीव, ज्यांनी आयुष्यात दहा-वीस चिता बघितल्यात त्यांना चुकूच शकणार नाही असा.

पाण्यात उभे असलेले सगळे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. काकांना उमगलं. "पयली ती मशीन, रे," ते म्हणाले. मशिनीच्या आतली बॅटरी आगीत फुटली होती. मेल्यावर मशीन आधी काढून घ्यायची असते, हे दुःखाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आणि सासऱ्यांचा खरा आवाज आला तेव्हा त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.

गौरेश परत वळायला लागला तसा काकांनी त्याचा दंड धरला. "फाटी बघू नको. एकदा भायर पडलो मगे परत जायत नाय." चौघांनी त्याला धरून घरी आणलं.

या गोष्टीवर मी कधी हसले नाही, आणि मी सहसा सगळ्यावर हसते. माझं माहेर सर्वणचं. तिकडची माणसं म्हणतात सेजलच्या जिभेला हाड नाही. पण दिवसकार्य झाल्यावर गौरेश ज्या प्रकारे खायला लागला, ते बघून माझीही जीभ टाळूला चिकटली. भूक नसताना खायचा. पान वाढलं की ते संपवून भांड्याकडे बघायचा. गावात कोणी त्याला दोष दिला नाही. उलट काका येऊन स्वतःलाच शिव्या घालून गेले. पण गौरेशच्या मनात एकच बसलं, की पहिला उठला तो मी.

पट्ट्याचं प्रकरण झाल्यावर पंधरवड्याने तो आपण होऊन म्हणाला, दुसरं ऑपरेशन करूया, जठर कापायचं. त्यात आत काही ठेवत नाहीत ना? मी म्हटलं, चला, घोडं एकदाचं पाण्यापाशी आलं. परत म्हापशाला गेलो.

डॉक्टर प्रामाणिक निघाले. दुसऱ्या एखाद्याने झाकून नेलं असतं. ते म्हणाले, "पट्ट्यासारखी वस्तू नसते. पण कापलेली कड बंद करायला बारीक पिना मारतात, टायटेनियमच्या. त्या आतच राहतात. जन्मभर."

गौरेशचा चेहरा पडला.  मग त्याने विचारलं, "डॉक्टर, जळताना त्यो वाजतल्यो?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितला. सांगताना माझे कान गरम झाले. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"नाही," ते म्हणाले. "पिना वाजत नाहीत. पट्टाही वाजणार नाही. फुटते ती बॅटरी, आणि या दोन्हींत बॅटरी नाही."

मला वाटलं, सुटलो. जी भीती होती तिला उत्तर मिळालं. पण गौरेश खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला आणि म्हणाला, "तरी नाका. माका कायच नाका." दोनदा थांबून, भिंतीला हात लावत जिना उतरला.

रस्त्यावर मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. म्हापशाच्या बाजारात लोक वळून बघत होते. "हांव तुमच्या जगण्याचो विचार करतंय आणि तुमी जळण्याचो! राणी तेरा वर्सांची असा. तिका कोण बघतलो?" तो उभा राहून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बापाक सोडून इल्लो माणूस मी. माका कित्याक वाचयतंस?"

त्याच्या तोंडून ते सहा वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडलं. माझा राग तिथल्या तिथे विझला आणि त्याच्या जागी भीती आली. हा माणूस पट्ट्याला भीत नव्हता आणि पिनांनाही नाही. त्याला जगायचंच नव्हतं, आणि त्यासाठी त्याला निमित्त पाहिजे होतं.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. माझ्या सासूबाई, देवकी, कमी बोलणाऱ्या. घरात माझाच आवाज चालतो, म्हणून त्या आपला वाचवून ठेवतात असं मी त्यांना चिडवते. त्या ऑपरेशनला नाही म्हणतील याची मला खात्रीच होती. अंगात काही घालून घेणं त्यांना आवडत नसे. शेजारच्या सरस्वतीच्या गुडघ्यात वाटी बसवली तेव्हा त्या तिला बघायलासुद्धा गेल्या नव्हत्या. मी बोलले ते त्यांनी ओट्यावर बसून ऐकलं, कोकमं सुकत घातली होती ती उलटीपालटी केली आणि विचारलं, "तो तसां म्हणालो? बापाक सोडून इलंय म्हणान?"

"होय."

त्या उठल्या. गौरेश पडवीत बसला होता. त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तूय बस गो."

"गौरेशा," त्या म्हणाल्या, "तुज्या बापाक न्हाणयताना पयलां तेल कोणी लायलां?"

आमच्या घरात रीत आहे. माणूस गेला की शेवटच्या आंघोळीचं पहिलं तेल बायकोने लावायचं, मग पुरुषांनी पाणी ओतायचं.

"तू लायलंस," गौरेश म्हणाला.

"मियां लायलां. माजो हात त्या गाठीवरसून गेलो. हाताक लागली माज्या." त्यांनी उजवा हात उघडून स्वतःकडेच धरला. "डाक्तरान मशीन घातलली तेवाच सांगलेलां, माणूस गेलो की ती आधी काडूची. तू कामार होतस. मी ऐकललंय. माका याद होती, रे. तेल लायतानाय याद होती."

त्यांनी उघडलेला हात परत मिटला.

"सांगलां असतां तर तेका परत कापलां असतां. जितेपणी काय कमी सुयो टोचल्यो? मेल्यावरय सुरी? माज्यान सोसूचां नाय, म्हणान गप्प रवलंय. पयलो हात माजो, आणि लपयलां तांय मियांच. तू खंयच सोडलंस नाय तेका."

 मला वाटलं गौरेश तिच्या गळ्यात पडेल. पण तो चिडला. इतका चिडलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. "सहा वर्सां, आई? सहा वर्सां माका बघत रवलंस? मी जेवतंय तां बघत रवलंस?"

"होय," त्या म्हणाल्या. "सांगूक धीर जायनासो."

तो उठला, अंगणातून चालत काजूच्या बागेकडे गेला. त्या चालण्याने त्याचं काय होईल याची काळजी करत मी मागे जायला निघाले, तर सासूबाईंनी माझा पदर धरला. "जावंदे तेका. आज जावंदे." मग जरा वेळाने, मला की स्वतःला कोण जाणे, म्हणाल्या, "त्या मशिनीन तेंका आठ वर्सां दिल्यान. राणीक मांडयेर घेवंक दिल्यान. आणि मी तिचोच राग करीत रवलंय."

त्या दिवशी मला सासूचा भयंकर राग आला. तिची कीव त्याहून जास्त आली. दोन्ही एकदम आलं की माणूस स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटतं, तसं मी आपटली.

गौरेश आईशी बोलेना. तिने वाढलं तर मुकाट्याने जेवायचा. पण पान अर्ध्यावर ठेवून उठायला लागला. ते दिवस मला फार जड गेले. एका संध्याकाळी त्याने मला विचारलं, "त्या पट्ट्याक परत परत जावचां पडता मां? सुई टोचून घेवंक?"

"होय. आणि सरकलो तर परत कापूचां."

"मगे दुसरां करूया," तो म्हणाला. "जाता तां एकदाच जावंदे. दर म्हयन्याक म्हापशाक जावन माजो पट्टो आवळा म्हणान सांगूक माका जमूचां नाय." आणि किंचित हसला. डॉक्टरांनी गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील म्हणून सांगितलं होतं, शिवण गळण्याचा धोका सांगितला होता. कापलेलं परत येत नाही हे तर मीच त्याच्या डोक्यात शंभरदा भरलं होतं, कारण मला पट्टा पाहिजे होता. त्याने सगळं एकेक करून मला परत म्हणून दाखवलं. कितीतरी दिवसांनी तो पुढच्या वर्षाबद्दल बोलत होता. मी वाद घातला नाही.

सही करायला जायच्या दिवशी सासूबाई लुगडं बदलून पायरीवर उभ्या. "मी येतंय," म्हणाल्या. गौरेशने तिच्याकडे बघितलं नाही, पण भाड्याची गाडी आली तेव्हा पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

डॉक्टरांनी कागद पुढे केले. सगळं परत एकदा सांगितलं. गौरेशने पेन हातात घेतलं आणि तो थांबला. कागदावर नजर, पेन हवेत. मी त्याच्या कपाळावरचा घाम बघत होते. आता हा उठला तर मी याला परत इथवर आणू शकणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"डाक्तर," सासूबाई म्हणाल्या. खोलीत आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द. "त्यो पिनी केवड्यो असतत?"

डॉक्टरांनी बोटाच्या टोकावर नखाने खूण केली. "एवढ्याशा, आजी. नाचणीच्या दाण्याएवढ्या."

"भायरसून हाताक लागतत?"

"नाही."

"बारीक जालो तरी? पोट सपाट जालां, आणि वयल्यान हात फिरयलो, तरी?"

"तरी नाही, आजी. कुणाच्याच हाताला कधी लागणार नाहीत."

सासूबाईंनी मान हलवली. मग टेबलावरून हात लांब करून त्यांनी माझा हात धरला, गौरेशचा नाही, माझा.

"बरां जालां," त्या म्हणाल्या. "मगे सेजलाक कायच लपवूक लागाचां नाय."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नसावं. मला कळलं, त्या पहिल्या तेलाचं बोलत होत्या, आणि माझी जीभ, जिला हाड नाही म्हणतात ती, उचलेना. गौरेशने मान वर करून आईकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. "आई," तो म्हणाला, आणि त्याने कागद जवळ ओढला आणि सही केली.